अर्थशास्त्र आणि वाणिज्याचा लघुशोधप्रबंध: संशोधन पद्धतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एम.ए. अर्थशास्त्र, एम.कॉम. किंवा एमबीएचा लघुशोधप्रबंध लिहिणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे: ‘क्यूआर कोड लावल्याने रस्त्यावरच्या भाजीविक्रेत्याची विक्री वाढते का?’ एकाच विषयावर सगळे टप्पे पाहिले की सुरुवातीची चूक शेवटी कुठे बाधते ते कळतं. पानांची संख्या, क्रेडिट, मुदत हे नियम प्रत्येक विभागाचे वेगळे असतात, ते विभागाकडूनच घ्या.

गाईड म्हणतात, ‘हा विषय नाही, हा नुसता मथळा आहे.’ फरक काय?

‘पुणे शहरातील डिजिटल व्यवहारांचा चिकित्सक अभ्यास’ हा मथळा झाला. त्याचं उत्तर हो, नाही किंवा एखादा आकडा असं देता येत नाही. प्रश्न तयार व्हायला चार गोष्टी लागतात: कोणाबद्दल बोलतो आहोत, नेमकं काय मोजणार, कशाशी तुलना करणार आणि कोणत्या काळातलं. ‘जानेवारी ते मार्च या काळात कोथरूड आणि हडपसरमधल्या रस्त्यावरच्या भाजीविक्रेत्यांत, क्यूआर कोड असणाऱ्यांची रोजची विक्री नसणाऱ्यांपेक्षा किती वेगळी होती?’ हा प्रश्न झाला. यात ‘वाढते का’ जाऊन ‘किती वेगळी होती’ आलं आहे, हे लक्षात घ्या. पहिल्या शब्दांत कारण आणि परिणामाचा दावा आहे, तो पेलणं बरंच अवघड. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न तयार झाला की नाही हे पाहायचं असेल तर उत्तराचं वाक्य आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडून लिहा: ‘क्यूआर असलेल्यांची रोजची सरासरी विक्री … रुपये, नसलेल्यांची … रुपये.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून फील्डवर जाऊ नका.

प्रश्नावली बनवायला कुठून सुरुवात करायची?

शेवटापासून. आधी कोरे तक्ते काढा. या पानावरचं एकच काही करायचं ठरवलं तर हे करा.

एका कागदावर प्रबंधात येणारे तक्ते आखा, आकडे न भरता. पहिल्या तक्त्यात उत्तरदाते कोण आहेत: वय, किती वर्षं धंद्यात, गाडी की पथारी, जागा स्वतःची की भाड्याची. दुसऱ्यात दोन गटांची तुलना, तिसऱ्यात रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा इतर गोष्टींशी असलेला संबंध आकड्यांत मांडणारी पद्धत: डाव्या बाजूला चल (बदलणाऱ्या, मोजलेल्या गोष्टी), उजवीकडे गुणांक (संबंध किती मोठा) आणि प्रमाण त्रुटी (त्या अंदाजात किती अनिश्चितता). आता प्रत्येक रकान्यात तो आकडा प्रश्नावलीतल्या कितव्या प्रश्नातून येणार ते पेन्सिलीने लिहा. ज्या रकान्याला प्रश्न सापडत नाही, तिथे प्रश्न घालायचा. ज्या प्रश्नाला रकाना सापडत नाही, तो काढून टाकायचा. ‘डिजिटल इंडियाबद्दल आपलं मत काय?’ असले प्रश्न इथेच गळतात आणि पंचवीस मिनिटांची मुलाखत दहा-बारा मिनिटांवर येते. उभ्याने धंदा करणारा माणूस त्यापेक्षा जास्त वेळ देऊ शकत नाही, आणि देतो तेव्हा शेवटची उत्तरं उरकून टाकलेली असतात.

हे तक्ते गाईडना दाखवा. नमुना जमल्यावर ‘हे विचारायला हवं होतं’ असं ऐकण्यापेक्षा आत्ता ऐकणं परवडतं.

साहित्याच्या आढाव्यात किती शोधनिबंध हवेत?

संख्येवर जाऊ नका. प्रत्येक निबंधासाठी एक ओळ असलेली सारणी करा: प्रश्न, डेटा, ठिकाण व काळ, पद्धत, निष्कर्ष, काय राहून गेलं. वीस-पंचवीस ओळी झाल्या की शेवटचा रकाना उभा वाचा, तुमच्या कामाची जागा तिथे दिसते. लिहिताना ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी माळ ओवू नका, मुद्द्यांनुसार परिच्छेद करा. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा एवढं आधी धुंडाळा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. आणि चॅटबॉटने सुचवलेला प्रत्येक संदर्भ मुळात आहे का ते स्वतः उघडून पाहा, कारण खरा वाटणारा पण अस्तित्वातच नसलेला निबंध तो सहज देतो.

स्वतःचा सर्व्हे केलाच पाहिजे का? दुय्यम डेटावरचा प्रबंध हलका समजतात का?

नाही, आणि पुण्यात तरी हा गैरसमज राहू नये. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा १९७१ सालचा अभ्यास मुख्यतः राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभा आहे. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये ही रेषा त्यांनी त्याच आकड्यांतून, २,२५० कॅलरींच्या आधारे काढली. दुसरीकडे गोखले संस्थेनेच १९३६-३७ मध्ये घरोघर फिरून पुणे शहराची पाहणी केली होती. दोन्ही वाटा इथल्याच आहेत. कोणती घ्यायची ते प्रश्न ठरवतो.

मजुरी, बेरोजगारी, शिक्षण आणि रोजगार यांवर प्रश्न असेल तर २०१७ पासून सुरू असलेलं आवर्ती श्रमबल सर्वेक्षण आहे. खर्चासाठी २०२२-२३ आणि २०२३-२४ ची घरगुती उपभोग खर्च पाहणी, कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी, बँकिंगसाठी रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस, बाजारभावांसाठी अ‍ॅगमार्कनेट. सरकारी पाहण्यांचा घटक-पातळीवरचा (प्रत्येक कुटुंबाच्या वा व्यक्तीच्या नोंदींचा) डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतो. हजारो कुटुंबांचा डेटा हाताशी असताना मित्रमंडळींकडून ८० गुगल फॉर्म भरून घेण्यात हशील नाही.

भाजीविक्रेत्यांच्या क्यूआर कोडसारखा प्रश्न असेल, तर मात्र पायपीट करायलाच हवी.

श्रमबल सर्वेक्षणाचा डेटा उतरवला, पण माझा बेरोजगारीचा दर अहवालाशी जुळत नाही.

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, गुणक लावलेला नसतो. नमुन्यातलं प्रत्येक कुटुंब वेगवेगळ्या संख्येच्या कुटुंबांचं प्रतिनिधित्व करतं, म्हणून साधी सरासरी चालत नाही. २०२४ पर्यंतच्या वार्षिक फाइल्समध्ये दिलेला गुणक तसाच वापरायचा नसतो. तो १०० ने किंवा, दोन उपनमुन्यांच्या नोंदी वेगळ्या असतील तिथे, २०० ने भागायचा असतो, शिवाय तिमाह्यांच्या संख्येनेही. नेमका नियम डेटासोबतच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये असतो. ती आधी वाचा.

दुसरं, व्याख्या. ‘नेहमीच्या स्थिती’त मागच्या ३६५ दिवसांतलं मुख्य काम आणि ३० दिवस किंवा अधिक केलेलं दुय्यम काम धरतात. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर. दोन्हींचे दर वेगळेच येतात.

तिसरं, वयोगट: सर्व वयांचा दर, १५ वर्षं व त्यावरचा, आणि १५ ते २९ चा.

अहवालातला एक तरी छापील आकडा, उदाहरणार्थ महाराष्ट्राचा शहरी दर, तुमच्या कोडमधून हुबेहूब निघेपर्यंत पुढचं विश्लेषण करू नका. तो निघाला की मगच स्वतःचे तक्ते. आणखी एक जपायचं: २०११-१२ आणि २०२२-२३ च्या उपभोग पाहण्यांत वस्तूंची यादी आणि घरभेटींची पद्धत बदलली आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘इतकी वाढ झाली’ असं सरळ लिहू नका.

नमुना किती घ्यायचा? सगळे ३८४ लिहितात, तो आकडा येतो कुठून?

प्रमाण मोजायच्या सूत्रातून: १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. अर्थ असा: लोकसंख्या खूप मोठी आहे, निवड पूर्ण यादृच्छिक आहे, आणि ‘किती टक्के विक्रेत्यांकडे क्यूआर आहे’ हे ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडेतिकडे धरून सांगायचं आहे. यातली एक अट जरी बदलली तरी आकडा बदलतो.

समजा तुमच्या भागात एकूण ६०० विक्रेतेच आहेत. मग ३८४.१६ भागिले (१ अधिक ३८३.१६ भागिले ६००) करून २३५ पुरतात. दहातले सातच बोलतील असं वाटत असेल तर ३३६ जणांकडे जायची तयारी ठेवा.

तुम्ही एका ठिकाणी उभं राहून पंधरा जणांशी बोलणार असाल तर उलट होतं. एकाच चौकातले विक्रेते एकमेकांसारखे असतात, त्यामुळे पंधरा मुलाखतींतून पंधरांइतकी नवी माहिती मिळत नाही. नमुना त्यामुळे किती पट वाढवावा लागतो ते मोजायचं सूत्र: १ अधिक (गटातली संख्या वजा १) गुणिले गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गटातले लोक एकमेकांसारखे किती याचा आकडा. पंधरांचा गट आणि सहसंबंध ०.०५ असेल तर १.७, म्हणजे ३८४ चे ६५३ होतात. तेच प्रत्येक चौकात पाचच जण घेतले तर गुणक १.२ आणि नमुना ४६१. चौक जास्त, चौकातली माणसं कमी.

आणि आपला मूळ प्रश्न तर टक्केवारीचा नाहीच, दोन सरासऱ्यांतल्या फरकाचा आहे. तिथे ३८४ चा संबंध नाही. दर गटात लागणारी संख्या साधारण १६ गुणिले (प्रमाण विचलन भागिले शोधायचा फरक) याचा वर्ग. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप. रोजच्या विक्रीचं प्रमाण विचलन १,५०० रुपये असेल आणि ५०० रुपयांचा फरक पकडायचा असेल तर दर गटात १४४. अडीचशे रुपयांचा फरक पकडायचा असेल तर चौपट, ५७६. प्रमाण विचलन कळायला पंधरा-वीस जणांची पूर्वचाचणी करा. प्रबंधात हे गणित दाखवा. ‘सूत्रानुसार ३८४’ एवढंच लिहिलं तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

विक्रेत्यांची यादीच नाही. मग यादृच्छिक निवड कशी करणार?

आधी यादी मिळते का ते पाहा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून प्रमाणपत्र द्यायचं असतं. वॉर्ड कार्यालयात लेखी विनंती करून पाहायला हरकत नाही. पण अशा यादीत बिगरनोंदणीकृत विक्रेते नसतात, हे मर्यादांमध्ये लिहा.

यादी नसेल तर स्वतः मोजा. निवडलेल्या भागाचे रस्त्यांनुसार तुकडे पाडा. दोघांनी मिळून एक सकाळ आणि एक संध्याकाळ प्रत्येक तुकड्यातल्या भाजीच्या गाड्या आणि पथाऱ्या मोजा. दोन वेळा अशासाठी की सकाळचे आणि संध्याकाळचे विक्रेते पूर्ण सारखे नसतात. समजा एकूण २८० निघाले आणि ७० हवेत, तर दर चौथा. पहिला कोणता हे १ ते ४ मधली चिठ्ठी काढून ठरवा आणि मग तिथून चालत जाऊन दर चौथा घ्या: चिठ्ठी ४ ची निघाली तर चौथा, आठवा, बारावा, २ ची निघाली तर दुसरा, सहावा, दहावा. निवडीत आलेला विक्रेता बोलायला तयार नसेल तर ‘नकार’ अशी नोंद करा आणि ठरलेल्या क्रमाने पुढच्या चौथ्याकडे जा. शेजारचा हसतमुख विक्रेता घेतला की निवड तुमची झाली, चिठ्ठीची राहिली नाही.

वेळ महत्त्वाची आहे. भवानी व्हायच्या आत कोणालाही प्रश्न विचारायला जाऊ नका, कोणी बोलणार नाही आणि ते योग्यही नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा शांतपणे बोलता येतं. पालखी मुक्कामाला असते ते दिवस, गणेशोत्सव, मोठी एकादशी अशा दिवसांची विक्री नेहमीची नसते. ते दिवस वगळा किंवा वेगळे नोंदवा.

‘तुमचं मासिक उत्पन्न किती?’ याला सगळे एकच आकडा सांगतात. खरं उत्तर कसं काढायचं?

कारण हा प्रश्न त्यांच्या हिशेबातलाच नाही. भाजीविक्रेता महिन्यावर हिशेब करत नाही, पाटीवर आणि दिवसावर करतो. त्याच्या बोलण्यात ‘धंदा किती झाला’ म्हणजे विक्री आणि ‘किती सुटले’ म्हणजे हातात राहिलेले पैसे. ‘बाराशेचा धंदा होतो’ हे उत्तर उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलं की सगळा प्रबंध तिथेच वाकडा जातो.

म्हणून कालच्या एका दिवसाचा माल मागे काढत जा. काल मार्केट यार्डातून काय काय आणलं? कोथिंबीर किती जुड्या, शेकडा काय भावाने? टेम्पोचं भाडं आणि हमाली किती? दिवसभर काय भावाने गेली? संध्याकाळी भाव पाडून किती दिली? उरली ती कुठे गेली? एक काल्पनिक उदाहरण घेऊ: १०० जुड्या ८०० रुपये शेकड्याने, भाडं-हमालीचा वाटा ९० रुपये. ८० जुड्या १५ रुपयांनी गेल्या, संध्याकाळी १२ जुड्या ५ रुपयांनी, ८ सुकल्या. धंदा १,२६० रुपये, सुटले ३७०. हा हिशेब विक्रेत्याच्या तोंडून भराभर येतो, कारण तो रोज तेच करतो. चार-पाच मुख्य भाज्यांसाठी एवढं विचारलं तरी दिवसाची विक्री, खर्च आणि नासाडी तिन्ही हाती लागतात.

एककं सांभाळा. यार्डात कांदा-बटाट्याचे भाव दहा किलोला बोलतात, पालेभाजीचे शेकडा जुडीला, आणि अ‍ॅगमार्कनेट क्विंटलवर देतं. दहा किलोला १५० म्हणजे क्विंटलला १,५००. प्रश्नावलीत आकड्याशेजारी एककाचा वेगळा रकाना ठेवा आणि रूपांतर नंतर संगणकावर करा, रस्त्यात तोंडी करू नका.

लिकर्ट प्रमाणाचा क्रोनबाख अल्फा ०.४ आला. आता?

लिकर्ट प्रमाण म्हणजे ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पट्टी, आणि अल्फा म्हणजे त्यातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा. विधानं काढून टाकायच्या आधी उलटी विधानं तपासा. ‘क्यूआरमुळे हिशेब सोपा झाला’ आणि ‘क्यूआरमुळे डोक्याला ताप झाला’ ही दोन्ही एकाच मोजपट्टीत असतील तर दुसऱ्याचे गुण उलटे करायचे असतात: पाच गुणांच्या पट्टीत नवा गुण म्हणजे ६ वजा जुना. हे राहिलं की अल्फा कोसळतो, कधी कधी उणेही येतो. ०.७ हा साधारण मानला जाणारा उंबरठा आहे. पण एकसारखीच दहा विधानं घातली की तो सहज वर जातो, म्हणजे उंच अल्फा ही चांगल्या मोजपट्टीची हमी नव्हे.

भाषांतरही तपासा. एकाने मराठी करावं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यावं आणि दोन्ही ताडून पाहावं. ‘तटस्थ’ हा शब्द रस्त्यावर चालत नाही, ‘सांगता येत नाही’ म्हणा. नकारार्थी विधानाला ‘असहमत’ हे उत्तर बहुतेकांना उलगडत नाही, तशी विधानं टाळा.

गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला तर चालेल?

तुमची लोकसंख्याच त्या ग्रुपमध्ये असेल तर चालेल. ‘पुण्यातले गुंतवणूकदार’ म्हणून स्वतःच्या वर्गमित्रांची उत्तरं घेतली तर निष्कर्ष वर्गमित्रांपुरतेच लिहा. आकड्यांच्या रकान्याला प्रमाणीकरण लावा, नाहीतर एकाच रकान्यात ‘500’, ‘५००’, ‘पाचशे’ आणि ‘५००/-’ असे चार प्रकार येतात आणि सॉफ्टवेअर सगळा रकाना मजकूर समजून बसतं. फील्डवर नेट नसताना कोबोटूलबॉक्स हे सर्व्हेचं अ‍ॅप बरं पडतं, फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येतं. उत्तरदात्याचं नाव आणि फोन नंबर उत्तरांच्या फाइलमध्ये ठेवू नका. क्रमांकाने जोडलेली वेगळी फाइल करा आणि काम झालं की ती नष्ट करा.

रिग्रेशनमध्ये क्यूआरचा गुणांक ०.२५ आला, पी-मूल्य ०.०१. ‘क्यूआरमुळे विक्री २५ टक्क्यांनी वाढते’ असं लिहू का?

दोन कारणांनी नाही. (पी-मूल्य म्हणजे खरा परिणाम नसतानाही, निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.)

एक गणिताचं आहे. विक्रीचा लॉग घेतला असेल आणि क्यूआर हा ० किंवा १ असा चल असेल, तर टक्केवारी म्हणजे ई चा ०.२५ वा घात वजा १, म्हणजे सुमारे २८.४ टक्के. गुणांक लहान असताना दोन्ही जवळ येतात, मोठा झाला की फरक पडतो.

दुसरं कारण जास्त गंभीर. क्यूआर लावतं कोण? मोक्याच्या जागेवरचा, तरुण, आधीच जास्त माल आणणारा. त्याची विक्री क्यूआर नसतानाही जास्तच असती. जागा, धंद्यातली वर्षं, शिक्षण हे चल रिग्रेशनमध्ये घालून यातला काही भाग बाजूला काढता येतो. पण जिद्द, गिऱ्हाईक जोडण्याची हातोटी असं जे मोजलंच नाही, ते तसंच राहतं. भीतीपोटी सगळेच चल घालणंही चूक आहे. ‘रोजच्या गिऱ्हाइकांची संख्या’ घातली तर क्यूआरचा परिणाम ज्या वाटेने व्हायचा तीच वाट तुम्ही बंद केली. क्यूआर लावल्यानंतर बदलू शकणारी गोष्ट नियंत्रक चल म्हणून घेऊ नका.

कारणाचा दावा करायचाच असेल तर आधी-नंतर आणि इथे-तिथे अशी दुहेरी तुलना शोधा. पुणे मेट्रो हे हाताशी असलेलं उदाहरण: वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले. स्थानकाजवळच्या आणि दूरच्या दुकानांची विक्री, आधी आणि नंतर, असे चार आकडे घेऊन फरकातला फरक काढता येतो. पण ही पद्धत उभी आहे एका गृहीतावर: मेट्रो आली नसती तर दोन्ही गट समांतर चालले असते. इथे ते गृहीत डळमळतं. उद्घाटनाआधी बांधकामामुळे स्थानकाजवळच्या दुकानांचं गिऱ्हाईक तुटलेलं असू शकतं, त्यात २०२०-२१ चा करोनाकाळ. ‘आधी’चा आकडाच खाली दबलेला असेल तर नंतरची वाढ मेट्रोची की रस्ता मोकळा झाल्याची, हे वेगळं करता येत नाही. म्हणून ‘आधी’ म्हणून खोदकामाच्या पूर्वीची वर्षं घ्या, आणि किमान तीन-चार पूर्वीच्या बिंदूंवर दोन्ही गटांचा आलेख काढून दाखवा.

हे शक्य नसेल तर प्रामाणिकपणे ‘संबंध आढळला’ असं लिहा. त्याने प्रबंध उणा होत नाही.

पी-मूल्य ०.३ आलं. गृहीतक सिद्ध झालं नाही म्हणजे प्रबंध फसला?

मुळीच नाही. पण ‘परिणाम नाही’ असंही लिहू नका. विश्वास अंतर पाहा, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन आकड्यांमध्ये असावा असा अंदाज आहे ती व्याप्ती. ते उणे ५० ते अधिक ६० रुपये असेल तर परिणाम असलाच तरी लहान आहे असं ठामपणे म्हणता येतं. उणे ९०० ते अधिक १,५०० असेल तर तुमच्या नमुन्याला काही सांगता आलेलं नाही. आणि ०.०५ च्या खाली काहीतरी यावं म्हणून चल बदलत बसू नका. खरा परिणाम कुठेच नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

कांद्याच्या भावावर टाइम सिरीज केली, आर-स्क्वेअर ०.९५ आला. छान ना?

सावध व्हा. आर-स्क्वेअर म्हणजे एका मालिकेतल्या चढउताराचा किती भाग दुसरीने समजावला जातो याचा आकडा. काळाबरोबर वाढत किंवा भटकत जाणाऱ्या दोन मालिका एकमेकींशी काही संबंध नसतानाही असा आर-स्क्वेअर देतात. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच हे दाखवून दिलं. लागोपाठच्या त्रुटी एकमेकींशी जोडलेल्या आहेत का ते सांगणारा डर्बिन-वॉटसन आकडा शून्याच्या जवळ असेल तर शंका पक्की. क्रम असा ठेवा: आलेख, मग मालिका स्थिर आहे की भटकती ते तपासणारी डिकी-फुलर चाचणी. दोन्ही मालिकांत एकक मूळ असेल (म्हणजे त्या भटकत्या असतील) तर सहएकात्मता तपासा, म्हणजे भटकतानाही त्या दीर्घकाळात एकमेकींना धरून राहतात का ते. ती असेल तर त्रुटी-सुधार प्रतिमान (या दीर्घकालीन नात्याकडे मालिका कशी परत येते तेही धरणारं), नसेल तर पहिले फरक (आजचा आकडा वजा आधीचा) घेऊन रिग्रेशन.

कांद्यात धोरणाचे धक्के मोठे असतात. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, शेवटची ४ मे २०२४ ला उठली. हे खंड लक्षात न घेता केलेली डिकी-फुलर चाचणी स्थिर मालिकेलाही अस्थिर ठरवू शकते. बंदीच्या काळासाठी ० किंवा १ चा चल घाला. अ‍ॅगमार्कनेटवरून सर्वसाधारण भाव घ्या, किमान किंवा कमाल नको. बाजार बंद असलेल्या दिवशी शून्य भरू नका, तो दिवस रिकामाच ठेवा.

वित्ताचा विषय आहे. शेअरवर घटनेचा परिणाम कसा मोजतात?

घटनेच्या आधीचे सुमारे १२० व्यवहार-दिवस घेऊन शेअरचा परतावा निर्देशांकाच्या परताव्यावर बसवा, घटनेच्या लगतचे दहा दिवस सोडून. त्यातून आलेला अपेक्षित परतावा प्रत्यक्षातून वजा केला की असामान्य परतावा मिळतो. उणे ५ ते अधिक ५ दिवसांची बेरीज करा. बोनस आणि स्प्लिटसाठी समायोजित किमतीच वापरा, नाहीतर एका दिवसात पन्नास टक्के ‘घसरण’ दिसते.

घटनेचा दिवस नीट ठरवा. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला जाहीर झाली, तेव्हा बाजार बंद होता, म्हणून शून्य दिवस ९ नोव्हेंबर. पण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकालही भारतातल्या वेळेनुसार त्याच दिवशी बाजार चालू असताना येत होता. दोन घटना एका दिवशी आल्या की त्या वेगळ्या करता येत नाहीत. रोखीवर चालणारे आणि कमी रोख वापरणारे असे उद्योगांचे दोन गट तुलनेला घेतले तर थोडी वाट निघते.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

विभागात ज्याला मदत करणारं कोणी आहे ते. आर आणि ग्रेटल फुकट आहेत. ग्रेटल टाइम सिरीजला सोपं, आर नमुना पाहण्यांच्या गुणकांना उत्तम. जामोवी एसपीएसएससारखं दिसतं आणि तेही फुकट. काहीही घ्या, पण मूळ डेटाची फाइल कधीही बदलू नका, सगळी साफसफाई कोडमधून करा. एक्सेलमध्ये हाताने खोडलेल्या ओळी महिन्याने कोणालाच आठवत नाहीत.

प्रबंध मराठीत लिहिला तर काही अडचण?

विभागाची परवानगी असेल तर जरूर लिहा. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरं बनतो आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही वाचता येत नाही. पारिभाषिक शब्द एकदा ठरवून शेवटपर्यंत तोच ठेवा, एका प्रकरणात ‘प्रतिगमन’ आणि दुसऱ्यात ‘समाश्रयण’ नको. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. इंग्रजी निबंधाचं मराठी भाषांतर संदर्भ न देता वापरलं तर प्रणाली पकडणार नाही कदाचित, पण ती चोरीच आहे.

सोळा आठवड्यांत कसं बसवायचं?

प्रश्न आणि कोरे तक्ते दोन आठवडे, आढावा तीन, प्रश्नावली आणि पूर्वचाचणी दोन, फील्ड तीन, डेटाची साफसफाई एक, विश्लेषण दोन, लेखन तीन. पूर्वचाचणीतले उत्तरदाते मुख्य नमुन्यात धरू नका. वेळ सगळ्यात जास्त फील्डमध्ये घसरतो. एकट्याने दिवसाला आठ-दहा चांगल्या मुलाखती होतात, त्यामुळे दोन्ही गटांच्या मिळून २८८ (१४४ गुणिले २) मुलाखतींना तीन आठवडे कमी पडतात. मदतनीस घ्या किंवा पकडायचा फरक मोठा ठेवा. पद्धतीचं प्रकरण फील्ड चालू असतानाच लिहून टाका, नकार किती आले आणि कोणता चौक का बदलला हे तेव्हाच आठवतं.

तोंडी परीक्षेला काय घेऊन जायचं?

प्रबंधाची प्रत, कोरी प्रश्नावली, नमुन्याच्या गणिताचा एक कागद आणि पहिल्या दिवशी काढलेले ते कोरे तक्ते. ‘हा प्रश्न का विचारला?’ असं परीक्षकांनी म्हटलं की रकान्यावर बोट ठेवून दाखवता येतं.